पैलवानाची डोकेदुखी

आमच्या कारखान्यात वाफेच्या प्रेसवर जो माणूस आहे त्याला सगळे पैलवान म्हणतात. डोकेदुखी म्हणजे काय हे त्याला उभ्या आयुष्यात ठाऊक नाही. "दुखायला आधी डोकं असावं लागतं," असं तपासणी खात्यातल्या बायका म्हणायच्या आणि त्यावर पैलवानच सगळ्यांत मोठ्यानं हसायचा. तरीही गेल्या वर्षी माझ्या औषधवहीत एकाच महिन्यात पैलवानाचं डोकं सात वेळा दुखलेलं आहे. तारखेनिशी, वेळेनिशी. अक्षर माझं आहे. डोकं माझ्या ताईचं होतं.

मी कारखान्याचं भांडार सांभाळतो. सुया, बटणं, मशीनचं तेल, खूण करायचे खडू, दिव्यांच्या नळ्या आणि भिंतीवरची पांढरी औषधपेटी, सगळं माझ्या ताब्यात. पेटीतून कापसाचा बोळा गेला तरी वहीत चढतो. तारीख, वेळ, नाव, खातं, काय होतंय, काय दिलं, सही. या सात रकान्यांतून मला माणसं कळतात, असा माझा समज होता. साहेबांची मालकांबरोबर बैठक झाली की अर्ध्या तासात जळजळीची गोळी जाते. पॅकिंगमधल्या एका बाईचं मनगट बरोबर मालाची गाडी आली की दुखतं, आणि गाडीचा ड्रायव्हर निघून गेला की मलम न लावताच बरं होतं. मी हे कुणाला बोलून दाखवत नसे. नुसता हसून लिहीत असे, आणि समोरच्याला कळायचं की याला कळलंय.

सहीच्या रकान्याची एक गंमत होती. माणसं येणार ती तेलाच्या नाहीतर खडूच्या हातांनी. वहीची पानं खराब होतात म्हणून मी कुणाला वहीला हात लावू द्यायचो नाही. सहीच्या जागी मीच बरोबरची खूण करायचो. चौदा वर्षं असंच चाललं होतं. वही स्वच्छ राहायची. बाहेरून तपासणीला येणारे अधिकारी माझी वही दुसऱ्या कारखान्यांना नमुना म्हणून दाखवायचे.

आणि एक नियम होता. एका माणसाला महिन्यात डोकेदुखीच्या आठाहून जास्त गोळ्या लागल्या, तर त्याच्या नावाची चिठ्ठी कारखान्याच्या डॉक्टरांकडे पाठवायची. मला तो नियम आवडायचा. आठ म्हणजे आठ. त्यात माणसाला फार डोकं चालवावं लागत नाही.

ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. मला इथं चिकटवलं तेही तिनंच. "माझा भाऊ आहे. मोजतो चांगलं. बाकी काही येत नाही," असं ती साहेबांना म्हणाली होती, आणि या दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. ती तपासणीच्या एक नंबरच्या टेबलावर होती. टेबल म्हणजे तिरकी काच, खालून दिवे, आणि त्या काचेवरून कापड सरकत जातं. तुटका धागा, गाठ, तेलाचा शिंतोडा दिसला की खडूनं खूण करायची. बाकीच्या टेबलांवरून पास झालेलं ठाण ताईकडे यायचं आणि तिथं त्याच्यावर सहा-सात खुणा व्हायच्या. तिला नाव पडलं होतं 'दुर्बीण'. मागल्या बाजूनं म्हणायचे, पण तिला आवडायचं.

पहिल्या गोळीला ती आली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते.

"काय कारकून, एक दे."

"काय होतंय?"

"लिहायचंय म्हणून विचारतोस की काळजी म्हणून?"

"लिहायचंय म्हणून."

"मग लिही, डोकं. काळजी असती तर सांगितलं असतं की भुवयांच्या वर ठणकतंय आणि संध्याकाळपर्यंत मानेत उतरतं."

मी लिहिलं: डोके. पाणी दिलं. त्या महिन्याच्या मध्यालाच तिच्या नावावर सहा झाल्या. मी बोट ठेवून दाखवलं.

"सहा झाल्या, ताई. अजून पंधरा दिवस आहेत. आठाच्या वर गेलीस तर चिठ्ठी पाठवावी लागेल."

ती वहीवर वाकली, मग जरा मागं सरकली, मग परत पुढं. मी ते पाहिलं. मग ती दाराकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "चिठ्ठी गेली की डॉक्टर आधी अक्षरांचा तक्ता वाचायला लावतो. खालच्या तीन ओळी मला दिसत नाहीत."

"मग चष्मा लाव."

"एक नंबरच्या टेबलाला चष्मा चालत नाही. माझ्या आधीच्या बाईंना चष्मा लागला, दुसऱ्या आठवड्यात त्या धागे कापायला बसल्या होत्या. मी बसायची का तिथं? कात्री घेऊन?" मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, "टाक की कुणाच्याही नावावर. पैलवानाच्या टाक. तेवढीच त्याला डोकं असल्याची कुठेतरी नोंद."

मला हसू आलं. तिलाही आलं. हसता हसताच मी लिहिलं आणि खूण केली.

खोटं लिहायचं तर नीट लिहावं, असा माझा स्वभाव. कोण कधी गैरहजर होतं ते हजेरीपटावरून बघायचो, म्हणजे सुटीवरच्या माणसाचं डोकं दुखू नये. वेळा मागंपुढं करायचो. एकाच दिवशी दोघांना द्यायचो, तिसऱ्या दिवशी कुणालाच नाही. प्रेसच्या खात्यात उकाडा फार, तिथं डोकी दुखणं शोभतं, म्हणून जास्त भार तिकडे टाकला. पहिल्या महिन्यात ताईच्या गोळ्या चौदा. तिच्या नावावर सहा. दुसऱ्या महिन्यात तीस; तिच्या नावावर पुन्हा सहाच. तिसऱ्यात चव्वेचाळीस आणि चौथ्यात बावन्न, तेव्हा तिच्या नावावर पाच आणि तीन. कागदावर तिची तब्येत महिन्यागणिक सुधारत होती.

साहेब महिन्याच्या बेरजा बघतात. एकदा मला बोलावून म्हणाले, "प्रेसवर फार डोकी दुखतात हो." मी गंभीर चेहऱ्यानं म्हणालो, "वाफ फार आहे, साहेब." पंधरा दिवसांत प्रेसच्या वर गरम हवा बाहेर ओढणारा मोठा पंखा बसला. दहा वर्षं मागून मिळाला नव्हता. पैलवान भांडारात येऊन माझा हात दाबून गेला. "तुमच्या वहीनं काम केलं म्हणे. काय लिहिलंत?" मी म्हणालो, "खरं तेच." संध्याकाळी हे ताईला सांगितलं तेव्हा ती डोळे पुसेपर्यंत हसली, आणि मग हसल्यानं ठणकायला लागलं म्हणून तिनं अजून एक मागितली.

आता मागं वळून बघतो तेव्हा सगळं ओळीनं दिसतं. आधी डोकं दुपारी तीनला दुखायचं. मग बाराला. मग दहाला. शेवटी ती कारखान्यात शिरली की आधी भांडारात यायची, टेबलाचे दिवे लागायच्या आत. कापड बघून डोकं दुखत असेल, तर कापड बघण्याआधीच कसं दुखतं, हा प्रश्न पोरालाही पडला असता. मला माझ्या वहीनं तो विचारला असता, पण मीच तो तीस नावांत विखरून ठेवला होता.

"काही खाल्लंस का?" मी एकदा विचारलं.

"गोळी खाल्ली की."

"अगं, पोटात काही?"

"चहा आहे. तू फार मोठ्या भावासारखा बोलायला लागलास. मी तुझं नाक पुसलंय, लक्षात ठेव."

प्रत्येक खोक्यात गोळ्यांबरोबर घडीचा पातळ कागद येतो. ते कागद मी कधी फेकले नाहीत. भोक पाडून, तारीख घालून फाइलला लावले. चौदा वर्षांचे कागद आहेत माझ्याकडे. लावणं माझं काम होतं; वाचायला मला कुणी सांगितलं नव्हतं. रिकाम्या पोटी घेऊ नये, सलग तीन दिवसांहून अधिक लागल्यास डॉक्टरांना विचारावे, याच प्रकारच्या दुसऱ्या औषधाबरोबर घेऊ नये, शौचास काळी झाल्यास ताबडतोब थांबावे, हे सगळं माझ्या फाइलमध्ये होतं, वरून सहाव्या कागदावर.

चौथ्या महिन्यात ताई जिन्यात दोनदा थांबायला लागली. चेहरा तिच्या खडूसारखा झाला होता. छातीखाली जळजळतं म्हणून ती जळजळीचीही गोळी घ्यायची. तीही मी पॅकिंगच्या नावावर घातली. घरी भाऊजींच्या गुडघ्यांच्या गोळ्या होत्या. रात्रीचा स्वयंपाक करता करता डोकं पुन्हा उठलं की ती त्यातली एक घ्यायची. त्या गुलाबी, माझ्या पांढऱ्या. नाव वेगळं, खोकं वेगळं. दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं तिलाही वाटलं, भाऊजींनाही.

एका सकाळी साडेदहाला ती काचेवर वाकली आणि तशीच राहिली. सगळ्यांना वाटलं, दुर्बिणीला काहीतरी बारीक सापडलं. कापड तिच्या गालाखालून सरकत राहिलं. शेजारच्या टेबलावरची बाई ओरडली तेव्हा कुणीतरी मशीन थांबवलं.

साहेबांनी स्वतःच्या गाडीतून नेलं. मी मागच्या सीटवर ताईचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो आणि काखेत वही होती. वही का घेतली ते मला आजही सांगता येत नाही. हाताला सवय.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. ताईनं डोळे उघडले होते. भाची कॉलेजातून धावत आली होती, भाऊजी भिंतीला टेकून उभे होते. रक्त फार कमी दिसतंय, तपासायला पाठवलंय, असं सांगून बाईंनी विचारलं, "रोजची काही औषधं? दुखण्याच्या गोळ्या वगैरे?"

ताई म्हणाली, "कधीतरी. डोकं दुखलं तर." आणि माझ्याकडे बघितलं.

"कधीतरी म्हणजे किती?"

भाची म्हणाली, "मामा, तुझ्याकडे लिहिलेलं असतं ना?"

मी वही उघडून दिली. बाईंनी पानं उलटली. सहा, सहा, पाच, तीन. म्हणाल्या, "असं रेकॉर्ड ठेवणारे नातेवाईक मी पहिल्यांदा बघते. नाहीतर लोकांना सकाळी काय घेतलं तेही आठवत नाही." साहेब शेजारीच उभे होते. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

बोलायचं होतं ते तेव्हाच. एक वाक्य होतं: 'वही खोटी आहे.' मी मनात हिशेब केला, साहेब जरा बाहेर गेले की सांगू. ताईचं टेबल जाईल, माझी वही जाईल. आणि असं किती बिघडणार आहे, चक्कर तर आली आहे. साहेब तासाभरानं गेले. तोपर्यंत बाई दुसऱ्या वॉर्डात गेल्या होत्या. मी म्हटलं, आल्या की सांगू.

दुपारी ताई म्हणाली, डोकं ठणकतंय. रक्ताचे आकडे अजून यायचे होते. कागदावर आडवं येणारं काही नव्हतं. तिला दुखणं थांबवणारं इंजेक्शन दिलं, तेही त्या गोळ्यांच्याच घराण्यातलं. मी खुर्चीवर बसून होतो. वही मांडीवर होती. मी इंजेक्शनची वेळ बघितली: दोन वाजून दहा मिनिटं.

पाचच्या सुमाराला ताईला रक्ताची उलटी झाली.

मग मी बोललो. व्हरांड्यात, धावत्या माणसांच्या मधे, मोठ्यानं. "एकशे चाळीस. चार महिन्यांत एकशे चाळीस. वहीत वीसच आहेत. बाकीच्या मी दुसऱ्यांच्या नावांवर घातल्या." भाऊजी माझ्या मागून म्हणाले, "आणि माझ्या गुडघ्याच्या. रोज रात्री एक." त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी सकाळी लिहिलेल्या ओळीवर रेघ मारली, वर नवा आकडा लिहिला आणि आत जाता जाता एवढंच म्हणाल्या, "हे सकाळी हवं होतं."

 भाचीनं माझ्या हातातून वही घेतली, बंद केली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली.

पोटात व्रण होता आणि तो फुटला होता. ऑपरेशन झालं. ताई तेवीस दिवस तिथं होती. पोटातली जखम भरून आली. मूत्रपिंडांचं मात्र जे गेलं ते सगळं परत आलं नाही. अर्ध्याहून थोडं कमी उरलंय, ते सांभाळून वापरायचं, असं बाईंनी सांगितलं. दिवसभर उभं राहायचं काम नाही. जेवणात मोजून मीठ. त्या जातीची गोळी पुन्हा कधीही नाही.

डोक्याबद्दल बाईंनी सांगितलं ते मी ऐकत होतो आणि लिहीत नव्हतो. सुरुवात डोळ्यांच्या ताणानं झाली असणार, त्या म्हणाल्या. पण आठवड्यात दोन-तीन दिवसांहून जास्त गोळ्या घ्यायला लागलं की पुढं गोळीच डोकं दुखवते. उतरली की ठणकतं, ठणकलं की माणूस परत घेतो. ताईनं विचारलं, "म्हणजे मी डोकं दुखायचं औषध घेत होते?" बाई हसल्या नाहीत. मीही हसलो नाही.

गोळ्या बंद झाल्यावर पहिले दहा-बारा दिवस डोकं फार दुखलं. मग कमी झालं. भाचीनं चष्मा करून आणला. महिन्याभरात डोकेदुखी गेली.

मी साहेबांकडे गेलो. चार महिन्यांच्या नोंदींसमोर लाल शाईनं खरं नाव लिहून नेलं होतं. एकशे वीस वेळा ताईचं नाव. साहेबांनी सगळी पानं बघितली. मला वाटलं, पंख्याचं विचारतील. त्यांनी विचारलं, "पण का?"

मी चष्म्याचं सांगितलं.

"चष्मा चालत नाही असं कोण म्हणालं? तो नियम जाऊन नऊ वर्षं झाली. परिपत्रक काढलं होतं मी. तुमच्याकडेच फाइलला असेल."

होतं. भोक पाडलेलं, तारीख घातलेली, माझ्या हातची. त्या नऊ वर्षांत एक नंबरचं टेबल ताईचंच होतं आणि तिच्या डोळ्यांबद्दल कुणी कुणाला काही विचारलं नव्हतं.

औषधपेटी माझ्याकडून काढून घेतली. ती आता पॅकिंगच्या मुकादम बाईकडे आहे. त्या माणसाला समोर उभं करून आधी विचारतात, मग पेटी उघडतात, आणि सही ज्याची त्यानं करायची, हात कसेही असोत. वहीची पानं काळी झाली आहेत. एक नंबरला नवी मुलगी बसते. तिला चष्मा आहे.

पैलवानाला खरं कळलं तेव्हा तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. मग एक दिवस भांडाराच्या खिडकीशी येऊन म्हणाला, "पंखा काढायला सांगू का?"

"कशाला?"

"चालू झाला की ताई आठवतात."

मी त्याला नको म्हणालो.

रविवारी मी ताईकडे जातो. ती दाराजवळच्या खुर्चीत बसलेली असते. तिनं मला एकदाही बोल लावला नाही, आणि मी वाट बघतो आहे हे तिला ठाऊक आहे. मागच्या रविवारी तिला कणकण होती, डोकंही थोडं जड होतं. भाचीनं डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारलं आणि त्यांनी सांगितलेली तापाची साधी गोळी आणली. ती दुसऱ्या जातीची, ताईला चालणारी, पण तीही मोजूनच. भाचीनं पाकीट आईच्या हातात दिलं. माझ्याकडे बघितलं नाही. ती अजून बघत नाही.

ताईनं पाकिटातला कागद काढला, घडी मोडली आणि खिडकीच्या उजेडात धरला. तपासणीला कापड धरायची तसा, दोन्ही कडा ताणून.

"बस इथं," मला म्हणाली. "ऐक."

आणि तिनं वाचायला सुरुवात केली. वरच्या कोपऱ्यापासून. किती घ्यायच्या, दोन गोळ्यांत किती तासांचं अंतर, दिवसात जास्तीत जास्त किती. सर्दीच्या औषधात हेच असतं, ते बरोबर घेऊ नये. दारू पिणाऱ्यांनी, यकृताचा आजार असणाऱ्यांनी, मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी. त्या ओळीवर ती थांबली, बोटानं खडूची खूण करावी तसं दाबलं, आणि पुढं गेली. भाऊजी आतून येऊन दारात उभे राहिले. मुंगीएवढी अक्षरं होती. तिनं एक ओळ सोडली नाही. उलट बाजूही वाचली, गोळ्या बनवणाऱ्या कारखान्याचा पत्तासुद्धा.

"जेवण झालंय माझं," ती म्हणाली. "सहा तासांत दुसरं काही घेतलेलं नाही. बाईंना विचारलंय." मग गोळी तळहातावर घेतली. "कारकून, वही आहे का तुझ्याकडे?"

खिशात छोटी डायरी असते. मी काढली. पेनचं टोपण काढलं.

"लिही. तारीख घाल. वेळ घाल. एक." तिनं चष्मा नाकावर सरकवला आणि मी काय लिहितोय ते वाकून बघायला लागली. "माझ्या नावावर."